मामांची फियाट: काम फक्त ब्रेकचं

१२ ऑक्टोबर २०२५

गाडी आली एकदाची घरी. सेलूहून परभणीला टोइंगवाल्याच्या गाडीवर टाकून आणली, गल्लीतली सगळी पोरं गोळा झाली, शेजारचे काका म्हणले हे भंगार कामून विकत घेतलं रे, म्हणलं विकत नाही काका, मामांनी दिली. मग ते म्हणले, हां, मग ठीक आहे.

१९७८ची पद्मिनी. मामा जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होते, गाडी मूळची जिनिंगच्या मालकाची, त्या काळात फियाटला नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायचे लोक. पुढं मारुती आली, मालकाचं मन उठलं आणि १९८८ला मामांनी ती हप्त्याहप्त्यानं पैसे फेडून घेतली. पगार केवढा आणि गाडी केवढी, मामी अजून बोलतात त्यावरून. २०१४ पासून शेडमध्ये उभीच होती. ह्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला त्यात शेडमध्ये निम्म्या चाकापर्यंत पाणी, तेव्हा मामा म्हणले घेऊन जा बाबा आता, इथं राहिली तर सडंल.

वहीच्या पहिल्या पानावर काम लिहिलंय: ब्रेक, बॅटरी, ऑइल, प्लग. बजेट पंचवीस हजार. ३० नोव्हेंबरला मामांच्या नातीचं लग्न आहे, पाठवणी ह्याच गाडीतून करायची असं मी सगळ्या पाहुण्यांसमोर बोलून बसलोय. दीड महिना आहे. लै झाला.

१४ ऑक्टोबर

सबस्टेशनवरून नाईट करून आलो, झोप काही येईना. चारी प्लग काढले आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल अर्धं अर्धं करून ओतलं. दोन दिवस मुरू द्यायचं. मागचं सीट उचललं तर खाली उंदराचं घर, तेही कापसाचं, मधोमध सरकीची टरफलं. जिनिंगच्या गाडीत दुसरं काय निघणार.

१६ ऑक्टोबर

चौथा गिअर टाकून पोराला म्हणलं ढकल मागंपुढं, पंख्याचा बेल्ट हलला! इंजिन जाम नाही. सीबी पॉइंट (प्लगला ठिणगी ज्यांच्या उघडझापीनं मिळते ते) बारीक पॉलिश पेपरनं घासले, नवीन बॅटरी, आणि पेट्रोलची टाकी तपासायची बाकी म्हणून सलाइनची बाटली बॉनेटला टांगून त्यातून सरळ कार्बुरेटरला पेट्रोल दिलं. पहिल्या झटक्याला फाटकन आवाज, कार्बुरेटरमधून जाळ, भुवया थोडक्यात वाचल्या. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, आणि मी प्लगच्या वायरी गुमान १-२-३-४ ओळीनं लावलेल्या. बावीस वर्षं विजेच्या खात्यात काम करणारा माणूस. वायरी बदलल्यावर दुसऱ्या झटक्यात चालू झाली, सगळ्या गल्लीत धूर, बायको खिडकीतून म्हणली वाळवण घातलंय वर.

इंजिन चालू झालं म्हणजे गाडी झाली असं मला त्या दिवशी खरंच वाटलं. लिहून ठेवतो.

१९ ऑक्टोबर

आता मेन काम, ब्रेक. चारी चाकांना ड्रमच आहेत, डिस्क वगैरे भानगड नाही, म्हणलं दिवसभरात खोलून होईल. शेजारच्या पंक्चरवाल्याकडून ट्रॉली जॅक आणला, डाव्या बाजूला दरवाज्याखाली लावला आणि दांडा मारायला लागलो. जॅक वर चालला, गाडी जागच्या जागी. मला आधी कळेना. मग करकर करकर असा आवाज आला, पापड मोडल्यासारखा, आणि जॅकचं डोकं आत घुसलं. गाडी एक इंच उचलली नाही आणि जॅक पार फूटबोर्डात.

खाली झोपून टॉर्च मारला तर डांबर. काळं, जाड, एकदम गुळगुळीत डांबर. ते स्क्रूड्रायव्हरनं खरवडलं तर खाली लाल अक्षरं दिसली, "शेंगदाणा ते". पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याचा पत्रा, उभा चिरून सपाट केलेला आणि रिबिटा मारून बसवलेला. त्याच्या मागं गाडीचा मूळ पत्रा असायला पाहिजे तो नाहीच. बोट घातलं की भुगा.

२० ऑक्टोबर

मामांना फोन लावला.

म्हणलं मामा, खालच्या पत्र्याला तेलाचा डबा लावलाय. मामा म्हणले, हो, मीच लावला, १९९६चा उन्हाळा असंल. किती रिबिटा राहिल्यात? म्हणलं सगळ्याच आहेत. मामा खूश. "मग बघ की! आता अशी कामं कोण करतंय. चौतीस मारल्या होत्या." मी मोजल्या, चौतीसच. मी म्हणलं मामा, पत्रा धरून ठेवायला पाठीमागं काहीच शिल्लक नाही हो. ते म्हणले डांबर आहे ना.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. गाडीला हळदकुंकू, झेंडूचा हार. लोखंडी घोडीवर, म्हणजे जॅकच्या स्टँडवर, तिरकी उभी आहे, तशीच पूजा केली.

२६ ऑक्टोबर

आतली मॅटिंग काढली. मॅटिंगखाली गोणपाट, गोणपाटाखाली परत डांबर. ड्रायव्हरच्या पायाखाली अजून एक डबा, हा सरकीच्या तेलाचा. म्हणजे मामा इतकी वर्षं दोन तेलाच्या डब्यांवर पाय ठेवून गाडी चालवत होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण मलाही हे कळायला एक जॅक घालवावा लागला. जीपला किंवा ट्रकला खाली चेसी असते, लोखंडाची लांब शिडी, वरची बॉडी सडली तरी गाडी उभी राहते. फियाटला चेसी नाही. खालचा पत्रा, दोन्ही बाजूचे फूटबोर्ड, दरवाज्यांचे खांब आणि छत हे सगळं मिळून एकच खोकं आहे, त्या खोक्यालाच पुढं इंजिन लटकलंय आणि मागं पाटे बोल्ट केलेत. त्यामुळं फूटबोर्ड सडला म्हणजे दिसायला वाईट दिसतंय एवढ्यावर विषय थांबत नाही, गाडीचा कणाच सडला. आणि गंज आतून येतो. दरवाज्यातून झिरपलेलं पाणी फूटबोर्डाच्या पोकळीत साचतं, खाली निचऱ्याला भोकं असतात, पण मामांनी ती डांबरानं बुजवली होती. पाणी आत येऊ नये म्हणून. आत आलेलं बाहेर कसं जाणार हा विचार राहिला.

डेंटर चाचांना बोलावलं. परभणीत फियाटचं काम केलेली माणसं आता बोटावर मोजण्याइतकी. चाचांनी खाली वाकून बघितलं, हातोडीनं चार ठिकाणी ठोकलं, मूठभर गंज खाली पडला. "ये गाडी नै है साब, छन्नी है." मग चहा पीत म्हणले, होतंय, पण दोन्ही बाजू कापायला लागतील, फ्लोअर पण. अठरा गेजचा सीआर पत्रा आणून ठेवा, परसों येतो.

चाचांचा परसों म्हणजे कालचा पण असू शकतो आणि पुढच्या महिन्यातला पण.

पंचवीस हजाराच्या बजेटवर काट मारली. साठ लिहिलं.

२ नोव्हेंबर

चाचा आले. डाव्या बाजूचा फूटबोर्ड ग्रायंडरनं कापून काढला. आतून चिखल, दोन नाणी, एक बांगडी (मामींची, नंतर ओळखली त्यांनी) आणि चक्क उगवलेलं गवत निघालं.

पेट्रोलची टाकी वेल्डिंगच्या आधी उतरवून लांब ठेवली, ही अक्कल होती. दुसरी अक्कल नव्हती, ते पुढं.

५ नोव्हेंबर

चूक माझी. चाचा म्हणत होते कापायच्या आधी दरवाज्याच्या चौकटीत आडवा अँगल मारून घेऊ, म्हणजे खोकं वाकणार नाही. अँगल आणायला मोंढ्याकडं जावं लागणार होतं, मला दुपारची शिफ्ट होती, मी म्हणलं चाचा, एका दिवसात काय वाकतंय, दोन घोड्या आहेत की. चाचांनी माझ्याकडं बघितलं, काही बोलले नाहीत.

आज नवीन फूटबोर्ड बसवून मागचा दरवाजा लावला तर लॉकच बसेना. दरवाजा खाली आठ मिलिमीटर घासतोय आणि वर बोटभर फट. पोटातून कापल्यावर गाडी मधे बसली, आणि आम्ही तिला तशीच वाकडी वेल्ड करून टाकली. चाचांनी शांतपणे टाके कापले, जॅकनं मधून उचलली, तोवर मी अँगल आणायला गेलो. जाताना वाटेत मी स्वतःला काय काय बोललो ते इथं लिहीत नाही.

चार दिवसांची मजुरी पाण्यात. वर चाचा म्हणले, "मैं बोला था ना साब." हे एकच वाक्य, आवाज न चढवता. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

९ नोव्हेंबर

डावी बाजू झाली. दरवाजा खट करून लागतोय, दहा वेळा उघडून लावून बघितला.

उजवी बाजू अँगल मारून कापली. ह्या बाजूला मामांनी डबा लावला नव्हता, म्हणून मला वाटलं ही बरी असंल. ही जास्त वाईट. डब्यानं निदान चिखल तरी अडवला होता.

१३ नोव्हेंबर

टाकी. उतरवून ठेवलीच आहे तर हलवून बघावी म्हणून हलवली, आतून खुळखुळ्यासारखा आवाज. पालथी केली तर वाटीभर गंज आणि तळाशी चिकट तपकिरी गाळ, वास आंबट, रॉकेलसारखा पण नाही आणि पेट्रोलसारखा तर नाहीच.

रेडिएटरवाल्याकडं नेली. त्याची पद्धत अशी, टाकीत सायकलची जुनी चेन आणि मूठभर खडी घालायची, तोंड बंद करायचं आणि दोघांनी मिळून झोळीसारखी हलवायची, मग धुवायची, परत हलवायची. अर्धा तास हलवली, दुसऱ्या दिवशी हात वर जाईना. तळाला तीन पिनहोल निघाली. झाळ मारायच्या आधी त्यानं टाकी गळ्यापर्यंत पाण्यानं भरली आणि फक्त भोकाची जागा वर येईल अशी तिरकी ठेवली, कारण रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ राहते आणि तीच फुटते, भरलेली टाकी त्या मानानं गरीब.

हे गाळाचं प्रकरण मला वाटतं दोन गोष्टींचं मिळून आहे. एक म्हणजे अकरा वर्षं उभी. दुसरं, शेवटी शेवटी मामांचा पोरगा महिन्यातून एकदा इंजिन चालू करायला लिटरभर पेट्रोल टाकायचा, आणि आताचं पेट्रोल म्हणजे वीस टक्के इथेनॉल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि जुन्या गाडीतलं रबर त्यासाठी बनवलेलंच नाही. पेट्रोल पंपाचा पडदा खोलला तर फुगून पापडासारखा झालेला, रबरी पाइप बोटानं दाबला की काळं बोटाला लागतंय. आपल्याच भागात ऊस लावायचा, आपल्याच कारखान्यात त्याचं इथेनॉल काढायचं आणि त्यानंच मामांच्या गाडीचे पाइप खायचे. आता सगळे पाइप इथेनॉल चालणारे टाकलेत, पडदा पण तसलाच मागवलाय.

१६ नोव्हेंबर

लग्नाला चौदा दिवस. ब्रेकला अजून हात लावलेला नाही. ज्या कामासाठी गाडी उचलली ते काम यादीत पाचव्या नंबरवर गेलंय.

१८ नोव्हेंबर

ब्रेक! मागचे ड्रम निघेनात, लायनर आतून ड्रमला चिकटलेले. रात्रभर डिझेल सोडून ठेवलं, सकाळी लाकडाचा ठोकळा लावून चारी बाजूंनी हातोडी, मग निघाले. व्हील सिलिंडर सगळे जाम. ब्रेक ऑइलपण पाणी ओढतं, उभ्या गाडीत त्या पाण्यानं सिलिंडर आतून गंजतो आणि तिथं खड्डे पडतात, मग नवीन किट टाकलं तरी त्या खड्ड्यांतून ऑइल गळणारच. दोन सिलिंडर होनिंग करून, म्हणजे आतून घासून, वाचले, बाकीच्यांना लेथवाल्याकडून स्लीव्ह, म्हणजे आतून नवीन नळी, मारून घ्यायला लागली.

आणि लोखंडी ब्रेक पाइप. वरून चांगला दिसतोय, क्लिप काढली तर क्लिपखाली कागदासारखा. ह्या गाडीत ब्रेकचं सर्किट एकच, म्हणजे एका ठिकाणी पाइप फुटला की चारी चाकांचा ब्रेक एकदम गेला, पॅडल सरळ फ्लोअरला. आणि फ्लोअर कशाचा होता ते वर लिहिलंच आहे.

पाइप सगळे नवीन वाकवून, टोकं फ्लेअर करून टाकायचे ठरले.

२२ नोव्हेंबर

ब्रेकचा मास्टर सिलिंडर मागवला होता, पुण्याहून नाना पेठेतून, ट्रॅव्हल्सच्या पार्सलनं सकाळी सहाला आला. खोका उघडला तर सिलिंडर दुसराच. मी फोनवर "प्रीमियर" म्हणलो, त्यानं ११८ एनईचा पाठवला. एनई पण प्रीमियरचीच पण ती वेगळी गाडी, मूळ फियाट १२४ची बॉडी, पुढं डिस्क ब्रेक. चूक अर्धी माझी. तो म्हणला आधी "पद्मिनी" म्हणायचं, आणि पद्मिनीपण कुठल्या सालची ते सांगायचं.

गाडीच्या पाठीवर प्रीमियर पद्मिनी लिहिलंय तरी सगळे फियाटच म्हणतात, कारण १९६४ला ती कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० डिलाइट म्हणून निघाली, मग प्रेसिडेंट, मग पद्मिनी, नावं बदलली पण गाडी आणि ते १०८९ सीसीचं इंजिन तेच. २०००च्या आसपास बंद झाली. तरी मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींमुळं पार्ट मिळत राहिले, कुर्ल्याला भंगारात गेलं की पाहिजे ते निघायचं. ऑक्टोबर २०२३ला शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली, आपल्याकडं बातमी वाचून लोकांनी व्हॉट्सॲपवर फोटो टाकले, पण माझ्यासारख्याला ते आता कळायलंय की त्या टॅक्सीबरोबर काय काय गेलं. दुकानदार म्हणतो, साहेब, आता आहे तोवर घेऊन ठेवा. हे वाक्य तो प्रत्येकाला म्हणत असणार, पण मी घाबरून दोन वॉटर पंप किट जास्तीचे घेतलेच.

३० नोव्हेंबर

लग्न झालं. गाडी घोडीवरच.

नात इनोव्हातून गेली. पाहुण्यांपैकी दोघांनी विचारलं फियाट कुठंय, मी म्हणलं पार्ट यायचाय. मामा काही म्हणले नाहीत. जेवताना माझ्या पानात जिलबी वाढायला लावली आणि हळूच विचारलं, फ्लोअर झाला का रं? म्हणलं झाला मामा. मग ठीक, म्हणले.

७ डिसेंबर

आठवडाभर गाडीकडं गेलोच नाही. थंडीपण आहे, परभणीचा पारा एक आकडी, पहाटे शिफ्टवरून येताना बोटं वाकत नाहीत.

१४ डिसेंबर

ब्रेकची हवा काढली, पोरगा पॅडल मारायला, मी खाली निपल सोडायला. "दाब, धर, सोड" असं तासभर. पॅडल टणक झालं!!

लगेच इंजिन चालू करून गल्लीत एक चक्कर मारावी म्हणलं, दहाव्या मिनिटाला टेंपरेचरचा काटा शेवटाला आणि खालून पाणी. कुठून तर ब्लॉकच्या बाजूनं. ब्लॉकला जे गोल डॉलर, म्हणजे पत्र्याची बुचं, बसवलेले असतात त्यातला एक आतून खाऊन खाऊन चाळणी झाला होता. इंजिन जाम नाही म्हणून मी पहिल्याच आठवड्यात त्याच्यावर बरोबरची खूण केली होती वहीत.

१६ डिसेंबर

एका डॉलरपायी वॉटर पंप काढला, पंपाच्या जागी गॅस्केट म्हणून चामड्याचा वायसर निघाला. जाड, हिरवट क्रोम चामडं. दोन मिनिटं हातात धरून बघितलं मग पेटली ट्यूब, हे जिनिंगच्या रोलरचं चामडं! रोलर जिनमध्ये कापूस ओढायला रोलरवर चामड्याच्या चकत्या बसवलेल्या असतात, त्यातली एक कापून मामांनी पंपाला लावली. आणि गळत नव्हती ती, सांगायला पाहिजे. सायलेन्सर ज्याला टांगलाय तो पट्टापण जिनिंगच्या बेल्टचाच. इंजिन ज्यावर टेकतं त्यातल्या एका फाउंडेशनखाली त्याच बेल्टचे तीन तुकडे. म्हणजे गाडी कुर्ल्याची असली तरी निम्मी सेलूच्या जिनिंगमध्ये बनलेली.

ह्याच्यात गंमत अशी की एक जुगाड काढला की दुसरा उघडा पडतो. बेल्टचे तुकडे काढून नवीन रबरी फाउंडेशन टाकलं, इंजिन अर्धा इंच खाली बसलं, तर पंखा रेडिएटरच्या शीटला घासायला लागला, कारण रेडिएटरपण मामांनी त्या वाढीव उंचीच्या हिशोबानं वर उचलून बांधला होता. सगळं एकमेकांच्या आधारानं उभं. मी एक वीट काढतोय आणि भिंत माझ्याकडं बघतेय.

२१ डिसेंबर

रेडिएटर. नळ्या निम्म्या बंद. बोअरचं पाणी. आपल्याकडच्या बोअरचं पाणी बादलीत ठेवलं तरी चार दिवसांत पांढरा थर धरतं, ते वीस वर्षं गरम करून फिरवलं तर काय होणार. वरची टाकी झाळ सोडवून काढली, नळ्यांत पट्टी घालून एकेक नळी मोकळी केली रेडिएटरवाल्यानं, एका नळीतून तर खडूसारखा तुकडा निघाला. आता फक्त डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, बाटली गाडीतच ठेवणार.

हेडपण उतरवलं, कारण एवढं गरम झाल्यावर बघायलाच पाहिजे. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, गरम झाल्यावर दोघांची फुगायची तऱ्हा वेगळी, हेड तिरकं होतं. पट्टी लावून बघितली, मधे उजेड दिसला. प्लेन करून आणलं.

बेरीज लिहायची बंद केलीये वहीत. बायकोला वही सापडली होती.

४ जानेवारी २०२६

वायरिंग. हे काम मी आपलं म्हणून शेवटी ठेवलं होतं, गोड घास शेवटी म्हणतात तसं. उंदरांनी हेडलाइटपासून मागच्या लाइटपर्यंत कुरतडलंय. आणि उंदरांचं एक वेळ समजू शकतो, मामांनी नंतर टाकलेल्या सगळ्या वायरी एकाच रंगाच्या, लाल. फोन केला तर म्हणले लाल बंडल स्वस्तात मिळालं होतं. "पण तू गोंधळू नको, जिला एक गाठ आहे ती हॉर्नची, दोन गाठी ती ब्रेक लाइटची." खरंच गाठी होत्या! पाच गाठींपर्यंत. सबस्टेशनला आम्ही फेरूल लावतो नंबरचे, त्यात आणि ह्यात फरक काय म्हणा.

तरी सगळं नवीन टाकलं, रंगीत, फ्यूजसकट. गाठींची यादी वहीत उतरवून ठेवलीये, का ते माहीत नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ खाल्ला आणि गाडी वसमत रोडला काढली, पहिल्यांदा गल्लीच्या बाहेर. ब्रेक मारला की डावीकडं ओढते. ड्रम ॲडजस्ट करून आणून परत, तरी ओढते. किंगपिनचे, म्हणजे पुढची चाकं ज्या खुंट्यांवर वळतात त्यांचे, बुश गेलेले. ते केले. दोन ओळींत लिहिलं पण सहा दिवस लागले.

३ फेब्रुवारी

चाचा उरुसात. तुरत पीर बाबांचा उरूस म्हणल्यावर परभणीत कुणाकडून काम करून घ्यायची अपेक्षा ठेवू नये. मीपण पोरांना घेऊन गेलो, चाचा तिथं पाळण्याजवळ भेटले, नातवाला खांद्यावर घेऊन. म्हणले, परसों पेंट.

१२ फेब्रुवारी

आरटीओ. गेल्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या कारच्या नोंदणीच्या नूतनीकरणाची फी दहा हजार झालीये, आधी पाच होती. वर ग्रीन टॅक्स, उशिराचा दंड. एकानं सुचवलं व्हिंटेजमध्ये घाला, व्हीए सिरीजचा नंबर मिळतो. त्याला गाडी पन्नास वर्षांच्या वरची लागते, आपली १९७८ची, अजून दोन वर्षं, आणि तो नंबर घेतला की रोजच्या कामाला गाडी चालवता येत नाही, शो आणि रॅलीपुरतीच. मला हिच्यातून भाजी आणायचीये. भरले दहा हजार.

१ मार्च

सेलूला नेली. ऊन तापलंय आता, मानवत रोडच्या अलीकडं एका फाट्यावर गाडी गचके द्यायला लागली आणि बंद पडली. पेट्रोल पंप इंजिनलाच बसवलेला असतो, उन्हात आणि इंजिनच्या उष्णतेनं आतल्या पेट्रोलची वाफ होते, पंपाला वाफ ओढता येत नाही. हे मामांनी लहानपणापासून दाखवलेलं, डिकीतून फडकं काढलं, ओलं करून पंपावर ठेवलं, रसवंतीवर एक ग्लास पिऊन येईपर्यंत चालू. एवढ्या खर्चानंतरपण ओलं फडकं लागतंच म्हणजे.

मामा अंगणात उभेच होते. एक्याऐंशी वय. काही न बोलता ड्रायव्हर सीटवर बसले, स्टिअरिंगवरचा गिअर आधी दुसऱ्यात मग पहिल्यात, ह्या गाडीत पहिल्याला सिंक्रो, म्हणजे गिअर न करकरता बसवणारी कडी, नाही त्यामुळं असंच टाकायचं असतं, हाताला अजून माहितेय त्यांच्या. स्टेशनपर्यंत नेली आणि वळवून आणली. मी बाजूला बसून चेहरा बघायलोय की आता काहीतरी म्हणतील.

उतरल्यावर वाकून खाली बघितलं, फूटबोर्डावर नख मारलं, टणटण वाजलं. मग म्हणले, "आणि माझे डबे?"

म्हणलं कुठले डबे?

"पत्रे रं. दोन होते. फेकले का?"

एक भंगारात गेला होता. शेंगदाणा तेलाचा मात्र होता, डिकीतच, पान्हे ठेवायला खाली अंथरलेला. काढून दिला. मामांनी तो उलटसुलट करून बघितला, अंगठ्यानं कड तपासली, म्हणले चांगला आहे की, असला जाड पत्रा आता डब्याला येत नाही, आणि घेऊन आत गेले.

८ मार्च

मामेभावानं फोटो पाठवला. कोंबड्यांच्या खुराड्याला नवीन दार. लाल अक्षरं उलटी आलीयेत पण वाचता येतात. फोटो मोठा करून रिबिटा मोजल्या, सोळा. कडेनं डांबर.